शिक्षण-संशोधन आणि निस्ताराचा हक्क

१

२०१३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका लहानशा गावात मी प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन गेले होते. अनुदान मिळालेला लघुशोध प्रकल्प होता. विषय 'प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यांची घरची बोली आणि पाठ्यपुस्तकाची भाषा'. प्रश्न माझे, भाषा माझी, आणि दिवसही माझ्या सोयीचा निवडलेला. महाविद्यालयाला त्या दिवशी सुटी होती. गावाला मात्र सुटी नव्हती. रोवणीचे दिवस होते आणि धडधाकट माणसे सगळी बांधीत उतरली होती. घरी सापडली ती म्हातारी माणसे, आजारी माणसे आणि लहान भावंडांना कडेवर घेऊन उभी असलेली शाळकरी मुले.

एका घरी आजी भेटल्या. त्यांना मी प्रश्न वाचून दाखवत गेले आणि त्या 'हो जी', 'हो जी' म्हणत गेल्या. शेवटी मी अंगठ्याचा ठसा घेतला, कागदांची घडी केली आणि उठले. तेव्हा त्यांनी सहजपणे विचारले, "हे लिवून नेता, त वापस कवा आनता जी?"

मला हसू आले, पण ते बाहेर पडण्याआधीच विरले. कारण या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. शेजारच्या घरी पायलीभर धान उसने नेले तर ते सुगीनंतर परत आणायचे असते, हा त्यांचा साधा हिशेब. मी त्यांच्या घरून काहीतरी नेत होते, हे त्यांनी ओळखले होते. मी मात्र तोवर असे समजत होते की मी 'माहिती गोळा करते आहे'. माहिती पडलेली असते आणि ती गोळा करायची असते, पानगळीच्या दिवसांत जंगलात मोहफुले वेचावीत तशी. पण मोहफुलांवरही कोणाचा तरी हक्क असतो, हे झाडीपट्टीत राहून मी विसरले होते.

शिक्षणविषयक संशोधनात संबंधितांना कसे सहभागी करून घ्यावे, याविषयी अलीकडे आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. परिसंवादांच्या विषयपत्रिकांत तो एक ठरलेला मुद्दा झाला आहे. त्या चर्चेत मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती त्या आजींच्या प्रश्नातच पूर्णपणे आलेली आहे. सहभागाची कसोटी प्रश्नावलीवरच्या सह्यांच्या संख्येत नसते. प्रश्न ठरवताना कोणाला विचारले आणि उत्तर मिळाल्यावर ते कोणाकडे परत नेले, या दोन ठिकाणी ती असते.

२

आधी शब्दाचा विचार करू. मराठीच्या अध्यापकाला तो टाळता येत नाही. इंग्रजीत ज्यांना 'स्टेकहोल्डर' म्हणतात त्यांना मराठीत काय म्हणावे, यावर अजून एकमत नाही. 'भागधारक' म्हणावे तर डोळ्यांसमोर कंपनीचे समभाग येतात. गावातल्या शेतमजूर बाईचा शाळेत कसला समभाग? 'हितधारक' हा शब्द हिंदीतून परिपत्रकांच्या वाटेने आलेला, आणि परिपत्रकांच्या बाहेर तो अजून पडलेला नाही. 'हितसंबंधी' शब्दाला आपल्याकडे वाईट वास आहे. हितसंबंध जपले जातात ते ठेकेदारांचे, असा त्याचा रूढ अर्थ. उरला 'लाभार्थी'. तो सर्वांत वाईट, कारण तो माणसाला हात पसरून उभा करतो. ज्याच्या घरचे मूल शाळेत जाते, ज्याच्या श्रमातून शाळेचा खर्च निघतो, तो लाभार्थी कसा?

शब्द सापडत नाही याचे कारण कोशात नाही, व्यवहारात आहे. ज्या नात्याला नाव द्यायचे ते नातेच आपण नीट जुळवलेले नाही. महाविद्यालयांत याचा अनुभव दर काही वर्षांनी येतो. नॅकच्या मूल्यांकनासाठी विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी, नोकरी देणारे अशा सर्वांचे अभिप्राय घ्यावे लागतात. कल्पना चांगली आहे. आम्ही अध्यापक मात्र तिचे काय करतो? वर्गात शेवटची दहा मिनिटे उरली की छापील अभिप्रायपत्रे वाटतो; अलीकडे भ्रमणध्वनीवर दुवा पाठवतो. मुले 'उत्तम', 'अतिउत्तम' अशा चौकटींवर खुणा करतात. त्या खुणांचे रंगीत आलेख होतात, आलेखांची फाइल होते, आणि फाइल कपाटात जाते. 'ग्रंथालय दुपारी तीनला बंद होते आणि आमची एसटी पाचला येते, तर मधले दोन तास आम्ही कुठे वाचायचे?' असे एका मुलीने अभिप्रायपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूस लिहिले होते. आलेखात कोरी बाजू येत नाही.

यात दोष कोणा एका संस्थेचा आहे असे मला म्हणायचे नाही. २०१० पासून प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी संशोधनाला गुण मिळू लागले, त्या गुणांच्या पंक्तीत आम्ही सगळेच जेवायला बसलो. मीही बसले. माझा तो लघुशोध प्रकल्प गुणांसाठीच हाती घेतलेला होता, हे कबूल केल्याशिवाय पुढे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

३

साहित्याचा विद्यार्थी कथा वाचताना विचारतो, निवेदक कोण आहे? तो कोणाला उद्देशून बोलतो? कोणते पात्र गप्प आहे आणि ते का गप्प आहे? हेच प्रश्न आपण प्रश्नावलीला विचारत नाही. वास्तविक प्रश्नावली हाही एक लेखनप्रकारच आहे. तिलाही निवेदक असतो, गृहीतके असतात, आणि तिच्यातही न बोललेले पुष्कळ असते.

माझ्या प्रश्नावलीतला एक प्रश्न असा होता : 'आपल्या पाल्याच्या शैक्षणिक प्रगतीबाबत आपण समाधानी आहात काय?' या वाक्यातला एकही महत्त्वाचा शब्द त्या घरात बोलला जात नव्हता. 'पाल्य' नाही, 'प्रगती' नाही, 'समाधानी'ही या अर्थाने नाही. तरी अठ्ठावीसपैकी सव्वीस घरांतून उत्तर 'होय' आले. मी ते टक्केवारीत मांडले. आज वाटते, त्या 'होय'चे किती अर्थ असतील! 'मॅडम मोठ्या आहेत, नाही कसे म्हणायचे' असा एक. 'नाही म्हटले तर गुरुजींवर आळ येईल' असा दुसरा. 'मास्तर नाराज झाले तर मुलाचे हाल होतील' असा तिसरा. 'लवकर आटपा, पऱ्हे सुकत आहेत' असा चौथा. एखाद्या कवितेतल्या एका शब्दाच्या अर्थच्छटांवर आम्ही वर्गात तास घालवतो, आणि माणसाच्या तोंडून प्रत्यक्ष निघालेल्या शब्दाला एका चौकटीत बंद करून पुढे जातो.

दुसरा प्रश्न यापेक्षा अपराधी होता. 'विद्यार्थ्याच्या अनियमित उपस्थितीचे प्रमुख कारण' असे विचारून मी चार पर्याय दिले होते : पालकांची उदासीनता, आर्थिक अडचण, अभ्यासाची नावड, इतर. पालकांची उदासीनता पहिल्या क्रमांकावर! हे मी कोठून आणले? अशाच विषयावरच्या आधीच्या प्रबंधांतून. त्यांनी ते त्यांच्या आधीच्या प्रबंधांतून आणले असणार. अशा रीतीने एक समज पिढ्यान्‌पिढ्या संशोधनाच्या नावाखाली नांदत राहतो आणि त्याला कोणीच गावात नेऊन विचारत नाही.

त्या आजींची नात चौथीत होती आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिची हजेरी निम्म्यावर आलेली होती. का, असे मी प्रश्नावली बाजूला ठेवून विचारले तेव्हा आजी म्हणाल्या, "माय रोवन्याले जाते, मंग लाहान्या लेकराले कोन पाह्यते?" आजींना स्वतःला धड उठवत नव्हते. गावात अंगणवाडी होती, पण ती दुपारपर्यंत. रोवणीची टोळी सकाळी निघते ती दिवस मावळताना परतते. या दोन वेळांच्या मधली जी फट, ती नऊ वर्षांची मुलगी आपल्या कडेवर सांभाळत होती. यात उदासीनता कोणाची? रोवणीचे दिवस वर्षातून थोडे. त्या मजुरीवर घरातले पुढचे कितीतरी दिवस तोललेले असतात. ही गोष्ट माझ्या चारही पर्यायांत बसत नव्हती. मी 'इतर'वर खूण केली. संपूर्ण प्रकल्पात जे खरे सापडले होते, ते 'इतर'मध्ये गेले.

भाषेचेही तसेच. झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' नाहीत. डोळ्याचा 'डोरा' होतो, काळ्याचा 'कारा' होतो. माझ्या प्रकल्पात मी याची यादी केली आणि वर 'उच्चारदोष' असे शीर्षक दिले. भाषाविज्ञान शिकवणाऱ्या बाईने हे करावे! ज्याला मी दोष म्हटले ती एका बोलीची नियमबद्ध ध्वनिव्यवस्था आहे, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण कागदावर लिहिताना शाळेचीच लाल शाई माझ्या हातात आली. 'तुमच्या मुलांच्या बोलण्यात कोणते दोष आहेत?' असे विचारण्याऐवजी 'तुमच्याकडे धानाच्या रोपाला, पेंढ्याला, बांधाला काय काय म्हणतात?' असे विचारले असते, तर त्याच आजींनी मला पऱ्हे, तणस, पुंजणे, धुरा, पार, बोडी असा शब्दांचा ढीग लावून दिला असता. मग जाणकार त्या ठरल्या असत्या आणि मी विद्यार्थिनी. संबंधितांना सहभागी करून घेणे म्हणजे नात्याची ही उलटापालट पत्करणे होय. तीच आपल्याला अवघड जाते.

४

हा प्रश्न आजचा नाही, आणि त्याची चांगली उत्तरेही आपल्या परंपरेत आहेत.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन सादर केले. त्याच्या अखेरीस त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी दिली, ही बाब मला फार अर्थपूर्ण वाटते. स्वतः शाळा काढलेला, मुलींना व अस्पृश्यांना शिकवलेला हा माणूस शेतकरी म्हणूनही आयोगासमोर उभा राहतो. त्यांचा युक्तिवाद सरळ होता : सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो, तर शिक्षणावरील खर्चात रयतेच्या मुलांचा वाटा कोठे आहे? त्यांनी दया मागितली नाही, हिशेब मागितला. 'स्टेकहोल्डर' या कल्पनेचे इतके स्वच्छ मराठी रूप मला दुसरीकडे आढळलेले नाही.

याउलट उदाहरण ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचे. मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. काम प्रचंड, आणि त्याचे ऋण मोठे. पण त्याची रीत पाहा. बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवायची, तेथील अधिकाऱ्यांनी ती स्थानिक बोलीत उतरवून घ्यायची आणि नमुना वर पाठवायचा. तुलनेसाठी सर्वत्र एकच मजकूर हवा, हे शास्त्र म्हणून समजण्यासारखे आहे. त्यासोबत एखादा स्थानिक मजकूरही मागवला जाई, हेही खरे. परंतु ज्यांची बोली नोंदवली त्यांच्याकडे तो खंड परत जाईल अशी कल्पनाच त्या व्यवस्थेत नव्हती. नमुने वर जात. वरून खाली काही येत नसे.

त्यानंतर शंभर वर्षांनी, २०१० मध्ये गणेश देवी यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण सुरू झाले. भाषेविषयी लिहायचे ते ती भाषा बोलणाऱ्यांनी किंवा तिच्याजवळ राहणाऱ्यांनी, ही त्यामागची भूमिका होती. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली मराठीतच निघाला. आमच्या झाडीपट्टीत तर याची सुरुवात आधीच झालेली होती. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी साकोलीसारख्या ठिकाणी राहून झाडीबोलीचे शब्द, गीते, दंडार यांचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि त्या अभ्यासाभोवती गावोगावचे लिहिणारे गोळा झाले. झाडीबोलीची साहित्य संमेलने भरू लागली. ज्यांच्याविषयी अभ्यास झाला तेच लिहू लागले, हे अभ्यास परत गेल्याचे लक्षण आहे.

शाळेच्या क्षेत्रात चित्रा नाईक यांचा प्रयोग आठवतो. भारतीय शिक्षण संस्थेतर्फे १९७९ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत त्यांनी शाळाबाह्य मुलांसाठी कृतिसंशोधनाचा प्रकल्प चालवला. दिवसा गुरे राखणाऱ्या, घरकाम करणाऱ्या मुलांचे वर्ग संध्याकाळी, म्हणजे मुलांच्या सोयीने भरत. शिकवणारा माणूस गावातला असे. आणि वर्ग कोठे, केव्हा भरवायचा यात गावाला शब्द होता. 'मूल शाळेत का येत नाही?' या प्रश्नाऐवजी 'शाळा मुलाच्या वेळेला का येत नाही?' हा प्रश्न त्या कामामुळे विचारता आला. माझ्या चौथीतल्या मुलीच्या कडेवरचा प्रश्न तोच होता. मला तो पस्तीस वर्षे उशिरासुद्धा विचारता आला नव्हता.

आणखी एक उदाहरण शेजारचे म्हणता येईल, कारण १९५६ पर्यंत भंडारा आणि होशंगाबाद एकाच प्रांतात होते. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला, १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला, आणि पुढे 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला. त्याचे वैशिष्ट्य असे की शिक्षकांच्या मासिक बैठकांतून प्रयोग तपासले जात आणि शिक्षकांनी दाखवलेल्या अडचणींवरून पुस्तके पुन्हा लिहिली जात. शिक्षक तेथे नमुना नव्हता, सहसंशोधक होता. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये शासनाच्या निर्णयाने शाळांतून बंद झाला. यातून दोन धडे मिळतात. शिक्षकाला विश्वासात घेतले तर खेड्यातल्या शाळेतही अव्वल दर्जाचे संशोधन होते, हा पहिला. शिक्षकाइतकाच पालकाचाही तो कार्यक्रम झाला नाही, तर आणीबाणीच्या क्षणी त्याच्या बाजूने उभे राहणारे कमी पडतात, हा दुसरा. दुसरा धडा हे माझे अनुमान आहे, पण मला ते पटते.

'असर'चे सर्वेक्षण वाचकांना परिचित आहे. 'प्रथम' संस्थेने २००५ मध्ये ते सुरू केले. त्याची चाचणी शाळेत नव्हे, मुलाच्या घरी, अंगणात घेतली जाते. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी ती साधी असते. मूल वाचत असताना आई शेजारी उभी राहून ऐकते आणि आपल्या मुलाला काय येते, काय येत नाही, ते तिला स्वतःला कळते. मला वाटते, त्या सर्वेक्षणाचा सर्वांत मोलाचा क्षण तोच, आकडेवारीच्या आधीचा. पण निवडलेली गावे ही जिल्ह्याचा नमुना असतात; अहवालात जिल्हा दिसतो, राज्य दिसते, ते एक गाव दिसत नाही. सर्वेक्षणाचा हेतूच तो असल्याने त्याला दोष देता येत नाही. परंतु गावाला स्वतःचे चित्र हवे असेल तर ते कोणी काढायचे? येथेच स्थानिक महाविद्यालयाचे काम सुरू होते. आपण मात्र जिल्ह्याचे चित्र छोट्या आकारात पुन्हा काढत बसतो.

५

योग्य शब्द परिपत्रकात सापडत नाही, तेव्हा तो मातीत शोधावा. पूर्व विदर्भात 'निस्तार' असा एक शब्द आहे. गावच्या जंगलातून सरपण आणि कुंपणासाठी काटेरी झुडपे आणणे, पडीत जमिनीवर गुरे चारणे, तळ्याचे पाणी वापरणे हे गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क म्हणजे निस्तार हक्क. निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात त्यांच्या नोंदी आहेत. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, पण हे दप्तर राहिले. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की निस्तार हा मालकीहक्क नव्हे आणि दानही नव्हे. तळे माझे नाही. पण त्याच्या पाण्यावर माझा हक्क आहे, कारण मी या गावात राहते, या पाळीवर माझ्या माणसांनी माती टाकली आहे.

तळ्यांची पुढची कथा आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना वेगळी सांगायला नको. कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभी राहिलेली ती तळी मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आली आणि 'माजी मालगुजारी' म्हणजे लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' झाली. गावाचा शब्द जसजसा कमी झाला तसतसा तळ्यांत गाळ वाढला. इतरही कारणे आहेत. पण ज्या गोष्टीत आपल्याला विचारले जात नाही तिचा गाळ कोणी स्वतःहून काढत नाही, हे त्यातले एक आहे.

शिक्षण-संशोधनालाही असाच गाळ चढतो. म्हणून माझे म्हणणे असे की, ज्या गावातून, ज्या शाळेतून ज्ञान काढून नेले त्या ज्ञानावर त्या गावाचा निस्तार हक्क मानावा. प्रबंध संशोधकाचा, पदवी संशोधकाची, गुणही त्याचेच. पण त्यातून जे कळले ते वापरण्याचा, तपासण्याचा, चूक असल्यास चूक म्हणण्याचा हक्क गावाचा.

हे व्यवहारात कसे आणायचे? त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या दिल्या आहेत. त्यांत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात असे कायदाच म्हणतो. संशोधन-आराखडा मंजुरीला पाठवण्याआधी तो समितीपुढे सोप्या भाषेत वाचावा आणि एक प्रश्न त्यांचा घ्यावा, निदान एक. शिक्षकांना आधीच यू-डायस, सरल अशा माहितीच्या रकान्यांनी पुरते वेढलेले आहे. त्यांच्याकडून पुन्हा तीच माहिती न मागता, त्यांना काय शोधून हवे आहे ते विचारावे. रोवणीत जाऊ नये. दिवाळीनंतर धान घरात आले की जावे. निष्कर्षांचा एक पानी मजकूर गावाच्या बोलीत लिहावा आणि ग्रामसभेत वाचावा. गावोगाव मंडई भरते, दंडारी होतात. सगळे गाव जेथे आपणहून जमते तेथे शाळेविषयीची चार वाक्ये सांगायला कोणाची हरकत असणार? मराठी विभागांनी तर हे काम स्वतःचे मानावे. प्रमाण मराठीतून झाडीत आणि झाडीतून प्रमाण मराठीत ये-जा करणे ही आमची विद्या आहे. ती आम्ही केवळ लोकगीतांच्या संकलनासाठी का राखून ठेवावी?

६

यावर आक्षेप येतील, आणि ते क्षुल्लक नाहीत.

पहिला असा की, लोकांना विचारून प्रश्न ठरवले तर संशोधनाची तटस्थता जाईल. पण माझ्या चार पर्यायांत 'पालकांची उदासीनता' पहिल्या क्रमांकावर होती, ती कोणती तटस्थता होती? आपले पूर्वग्रह आपल्याला दिसत नाहीत म्हणून ते तटस्थ ठरत नाहीत. गावाला विचारल्याने पूर्वग्रह नाहीसे होणार नाहीत, पण निदान दोन पूर्वग्रह समोरासमोर येतील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'गाव' म्हणजे नेमके कोण? ग्रामसभेत बोलतो तो कोण आणि मागे उभा राहतो तो कोण? २९ सप्टेंबर २००६ रोजी याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्या दिवसानंतर भंडारा जिल्ह्यातल्या कोणाही अभ्यासकाने 'गावाचे मत' हा शब्दप्रयोग निश्चिंतपणे करू नये. गाव एकमुखी नसते. समितीतले पाऊण पालक कोणत्या वस्तीतले आहेत, सही करणारी स्त्री बैठकीला प्रत्यक्ष आली होती की सही घरी जाऊन घेतली, हे पाहावे लागेल. ढिवरांच्या टोलीवर वेगळे बसावे लागेल, बायकांशी वेगळे बोलावे लागेल, मुलांचे वेगळे ऐकावे लागेल. आणि निष्कर्ष परत नेताना कोणाचे नाव, कोणाचे घर उघडे पडणार नाही, याची काळजी घ्यावी लागेल. निस्तारपत्रकांतही वस्तीवस्तीच्या वाट्यात न्याय होताच असे नाही. तेव्हा हा शब्द मी आदर्श म्हणून वापरत नाही, हक्काची आठवण म्हणून वापरते.

तिसरा आक्षेप वेळेचा. याला खरोखर वेळ लागतो. पण न विचारता घेतलेल्या निर्णयालाही पुढे वेळ लागतोच. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचा निर्णय शासनाने एप्रिल आणि जूनमध्ये काढला, राज्यभर विरोध झाला, जूनअखेर तो मागे घेतला आणि मग अभ्यासासाठी समिती नेमली. आधी निर्णय, मग विरोध, मग विचारणा. हा क्रम उलटा असता तर वेळ वाचला असता आणि विश्वासही. शिवाय त्या सगळ्या वादात, ज्या मुलाला प्रमाण मराठीच पहिल्या दिवशी दुसरी भाषा वाटते, त्या झाडीतल्या मुलाचा प्रश्न फारसा ऐकू आला नाही. ऐकू येईल असा अभ्यास आम्ही केला नव्हता, आणि केला असेल तर तो कपाटात होता.

७

त्या गावात मी पुन्हा गेले ते दीड वर्षाने. कोणी पाठवले नव्हते. प्रकल्प सादर होऊन गेला होता, मान्य झाला होता, गुणही जमा झाले होते. आजींचा प्रश्न मात्र जमा होत नव्हता. निष्कर्षांचे एक पान मी सोप्या भाषेत लिहून नेले आणि शाळेच्या ओट्यावर वाचून दाखवले. पंधरा-वीस जण होते. बायका दूर भिंतीशी बसल्या होत्या. मी 'पालकांच्या उदासीनतेमुळे' असे वाचताच भिंतीकडून आवाज आला, "हे कोन सांगतला जी तुमाले?" मग त्या बोलू लागल्या. अंगणवाडीची वेळ, रोवणीची टोळी, मुलीच शाळेतून का राहतात आणि मुलगे का राहत नाहीत, गुरुजी बोलतात ते पहिलीतल्या मुलाला कसे कळत नाही आणि मूल मग कसे गप्प होते. पाऊण तासात त्यांनी मला जे दिले ते माझ्या ऐंशी पानांत नव्हते. शाळेचे गुरुजी मध्येच म्हणाले, "मॅडम, रोवणीचे पंधरा दिवस लहान लेकरांना शाळेतच बसवायची परवानगी मिळाली, तर माझ्या मुली येतील." मुली 'माझ्या' होत्या, हे मी ऐकले.

आजी ओट्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी काही विचारले नाही. माझ्या हातातल्या त्या पानाकडे मात्र त्या पाहत होत्या, आणि सभा संपल्यावर नातीला पाठवून त्यांनी ते मागून घेतले. पान त्यांना वाचता येत नव्हते. पण ते परत आले होते, आणि परत आलेली वस्तू घरात ठेवायची असते.

मी परतीच्या वाटेवर त्या सगळ्या दुरुस्त्या लिहून काढल्या; चार पाने भरली. ती कोठे पाठवावीत, हे मला समजेना. सादर झालेल्या अहवालाला पुरवणी जोडण्याची सोय नव्हती. गावाने दुरुस्त केलेला निष्कर्ष कोणत्या रकान्यात लिहायचा, त्याला किती गुण, हे कोठल्याच नियमात नव्हते. ती चार पाने अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. आता विद्यार्थ्यांना प्रकल्प देताना मी ती आधी वाचून दाखवते, आणि प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी एक रकाना हाताने आखायला लावते : 'हे कोणाला परत दिले? कधी? ते काय म्हणाले?' विद्यापीठाच्या नमुन्यात तो रकाना नाही. तो असायला हवा.